६.१ वरून ६.१२: रस्ता बरा, /बूटचा घाट वाईट

"दोन कमांड, एक रीस्टार्ट, दहा मिनिटं" असं लिनक्सचं कर्नल (सिस्टिमचा गाभा) बदलण्याबद्दल जिथे तिथे लिहिलेलं आढळतं. ते लिहिणाऱ्यांच्या मशीनवर /बूटचं, म्हणजे कर्नल ठेवायच्या जागेचं, वेगळं पार्टिशन नसावं. इथे दुपारी चारला सुरू केलेलं काम रात्री साडेअकराला संपलं आणि त्यातला बहुतेक वेळ एकाच टप्प्याने खाल्ला. त्यामुळे बाकीचं थोडक्यात.

मशीन: घरचा डेस्कटॉप, डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार), एन्क्रिप्ट केलेली डिस्क, एनव्हिडियाचं कार्ड, सिक्युअर बूट (सही नसलेला कोड चालू न देणारी सोय) चालू. निमित्त: नवं वायफाय कार्ड, मीडियाटेक एमटी७९२५. याचा ड्रायव्हर ६.७ पासून कर्नलमध्ये आहे, डेबियन १२ चं ६.१ त्याला ओळखतच नाही. बॅकपोर्ट्समध्ये, म्हणजे जुन्या डेबियनसाठी नवी पॅकेजं देणाऱ्या साठ्यात, ६.१२ मिळतं. टर्मिनलची सवय आहे, बॅकअप घेतलाय, लाइव्ह पेनड्राइव्ह हाताशी आहे, हे धरून चाललोय. यातलं एखादं नसेल तर निघूच नका. वायफाय चालेपर्यंत नेट मोबाइलवरून, यूएसबी टेदरिंगने.

निघायच्या आधी मोकळी जागा बघायला एकच कमांड द्या: डीएफ -एच /बूट. डेबियन १३ च्या रिलीज नोट्समध्ये स्वच्छ लिहिलंय की /बूट निदान ७६८ एमबीचं हवं आणि त्यात सुमारे ३०० एमबी मोकळे हवेत. तिथेही कर्नल हेच ६.१२ आहे. जुन्या इन्स्टॉलरने मात्र पाचशेच्या आतबाहेर जागा दिलेली असते, त्याहून जुन्याने अडीचशेच. म्हणजे थेट १३ वर उडी मारली तरी हा घाट चुकत नाही.

कमांड ही: सुडो एपीटी इन्स्टॉल -टी बुकवर्म-बॅकपोर्ट्स, पुढे लिनक्स-इमेज-एएमडी६४ आणि लिनक्स-हेडर्स-एएमडी६४. हेडर्स (ड्रायव्हर बनवायला लागणाऱ्या फाइली) विसरलात तर एनव्हिडियाचं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हर, नव्या कर्नलसाठी बनणार नाही आणि काळा पडदा बघत बसाल. फर्मवेअरही (कार्डात चढणारं सॉफ्टवेअर) बॅकपोर्ट्समधूनच घ्या, जुन्या फर्मवेअरमध्ये या कार्डाची फाइल नाही.

आता घाट. कर्नलची फाइल लहान असते, जागा खाते ती इनिटआरडी, म्हणजे डिस्क उघडायला लागणारे ड्रायव्हर असलेली, कर्नलसोबत आधी चढणारी फाइल. साध्या मशीनवर ती चाळीसेक एमबी, ग्राफिक्सचं फर्मवेअर आत शिरलं की शंभरच्या पुढे. शिवाय ती पुन्हा बनवताना जुनी फाइल तशीच ठेवून शेजारी '.न्यू' नावाने नवी लिहिली जाते, पूर्ण झाली की मगच नाव बदलतं. म्हणजे तेवढा वेळ एकाच कर्नलसाठी दुप्पट जागा. जुनी दोन-तीन कर्नल पडलेली असतील तर मधेच झेडएसटीडीची (फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामची) ओळ येते, 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस', आणि पॅकेज अर्धवट राहतं.

इथपर्यंत काहीच बिघडलेलं नसतं. कर्नल बसल्यावर /ईटीसी/कर्नल/पोस्टइन्स्ट.डी मधल्या स्क्रिप्ट ओळीने चालतात: आधी डीकेएमएस (बाहेरचे ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी बनवणारा), मग इनिटआरडी, शेवटी ग्रब (सुरुवातीला कर्नल निवडायची यादी दाखवणारा). एक अडली की पुढच्या चालत नाहीत, म्हणून ग्रबच्या यादीत नवं कर्नल येत नाही. अशा वेळी हमखास सल्ला मिळतो, "अपडेट-ग्रब चालवा." तो ऐकू नका! ग्रबला कर्नल दिसतं, इनिटआरडी सापडत नाही, तरी तो नोंद करतो. वर आवृत्ती नवी म्हणून तीच पहिली निवड ठरते. रीस्टार्ट केलं की पडद्यावर कर्नल पॅनिक: 'अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)'. हे बघून दुकानदार "हार्ड डिस्क गेली, फॉरमॅट मारावं लागेल" म्हणतो आणि पैसे घेतो. डिस्क ठणठणीत असते. एक पैसा देऊ नका.

उतरायची वाट अशी. ग्रबमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडून ६.१ ने चालू करा. यूनेम -आर ने कोणतं कर्नल चालू आहे ते बघा, ते सोडून सगळ्यात जुनं एपीटी पर्जने काढा. एपीटी कुरकुरली तर डीपीकेजी --पर्ज. /बूटमधल्या फाइली हाताने आरएम करू नका, पॅकेजची नोंद आणि डिस्क यांचा मेळ जातो. मग डीपीकेजी --कॉन्फिगर -ए. या दोन कमांडच्या मध्ये रीस्टार्ट नको, कारण कर्नल काढतानाही ग्रबची यादी नव्याने बनते आणि ती फसवी नोंद पुन्हा वर येते. शेवटी एलएस -एलएच /बूट करून ६.१२ ची इनिटआरडी डोळ्यांनी बघा.

तरीही जागा पुरत नसेल तर इनिटआरडीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, इनिटरॅमएफएस.कॉन्फमध्ये, 'मॉड्यूल्स=मोस्ट' आहे तिथे 'डेप' करा. मग याच मशीनपुरते ड्रायव्हर आत जातात आणि फाइल बरीच आटते. पण ही डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तर ती उठेलच असं नाही, एवढं लक्षात ठेवा.

डीकेएमएस अडलं तरी साखळी तिथेच थांबते. व्हर्च्युअलबॉक्स आणि ब्रॉडकॉमचं 'डब्ल्यूएल' हे नेहमीचे अडेलतट्टू. कारण /वार/लिब/डीकेएमएस खाली त्या मॉड्यूलच्या मेक.लॉगमध्ये सापडतं.

सिक्युअर बूट असेल तर मोकयूटिल --इम्पोर्टने डीकेएमएसची किल्ली, म्हणजे मोक.पब, एकदा नोंदवावी लागते. नाहीतर मॉड्यूल बनतं, पण 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' म्हणून चढत नाही. पासवर्ड नुसत्या आकड्यांचा ठेवा. कीबोर्ड इनस्क्रिप्टवर असेल तर आधी इंग्रजीवर या, कारण किल्ली पक्की करताना हाच पासवर्ड विचारणाऱ्या पुढच्या निळ्या पडद्याला मराठी कळत नाही. तो पडदा रीस्टार्टनंतर दहाच सेकंद थांबतो. चहा आणायला गेलात तर इम्पोर्ट पुन्हा करा.

वायफाय पहिल्या फटक्यात लागलं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

बॅकपोर्ट्समधून एकदा घेतलेलं पॅकेज पुढच्या साध्या एपीटी अपग्रेडमध्येही तिथूनच अद्ययावत होतं. म्हणजे ६.१२ ची पुढची आवृत्ती न मागता येईल आणि तेव्हा /बूटमध्ये आणखी एक इनिटआरडी बसेल. त्या दिवशीही आधी डीएफ.