आय ॲम कमिंग

पंपवाला दुपारी आला, मोटर उघडून जरा वेळ तिच्याकडे बघत बसला, मग पाना तिथंच ठेवून उठला. "मॅडम, आय ॲम कमिंग," म्हणाला आणि फाटकाबाहेर चालता झाला.

इथं घानात, अक्र्यातल्या पहिल्या वर्षी हे वाक्य ऐकलं की मी बुचकळ्यात पडायचे. माणूस पाठमोरा, आणि म्हणतोय येतोय! मग कुणीतरी सांगितलं, की त्वी भाषेत निघताना 'मेको आबा' म्हणतात. जाऊन येते. त्यातलं जाणं इंग्रजीच्या वाटेवर कुठेतरी सांडत असावं, हा आपला माझा अंदाज. 'जाते' हा शब्द जिच्या तोंडून आजही निघत नाही, त्या बाईला हे कळायला वर्ष लागावं?

डहाणूला आजोळी एकदा चिकूखाली खेळायला निघाले आणि "आजी, मी जाते" बोलून बसले. आजीनं हातातलं सूप खाली ठेवलं. मला परत आत बोलावलं, पाटावर बसवलं, पाणी प्यायला लावलं आणि पहिल्यापासून निघायला सांगितलं. "येते म्हण." चिकू अंगणातच होता.

तिथल्या पाड्यावर सोम्या, मंगळ्या, बुध्या होतेच. त्यामुळे शनिवारी जन्मलेल्या माझ्या लेकीला शेजारच्या आँटीनं 'आमा' करून टाकलं, तेव्हा नवल वाटलं नाही. कोफी अन्नान यांच्या नावातला शुक्रवार मात्र इथं येईपर्यंत मला दिसला नव्हता. आमानं डाव्या हातानं काही पुढं केलं की आँटीच दटावते. आईपणातलं तेवढं एक काम कमी.

आता जानेवारी. हरमाटनचा कोरडा वारा सुरू आहे, वाळत घातलेल्या गणवेशावर सहाराची धूळ, लेकीच्या ओठांना शिया बटर, आणि नेमकी आत्ताच मोटर बंद.

मागच्या ऑगस्टमध्ये पुण्याहून निघताना लेक माझ्या आईला शहाण्यासारखं म्हणाली, "आजी, येते." मला केवढा अभिमान! आईनं तिच्या हातावर दही घातलं, "ये" म्हणाली. टॅक्सी सिंहगड रस्त्याला लागेपर्यंत पोर गप्प. मग हळूच, "आई, आपण परत कधी वळायचं? मी आजीला येते सांगितलंय."

तिचं 'येते' अक्र्याचं होतं. कोपऱ्यावरून केळी आणण्याएवढं.

मी खिडकीची काच वरखाली करत बसले. आमची गाडी वळेपर्यंत आई नेहमी गॅलरीत उभी असते. त्यानंतर किती वेळ असते, ते मी कधी विचारलेलं नाही.

साडेपाच वाजले. पाना ठेवून गेलाय, म्हणजे येईल.