शंभरचा वेग, साठचा भास

गाडीचं नाव सांगत नाही. ते एकदा कळलं की बोलणं लगेच किंमत, मायलेज आणि ‘त्यापेक्षा अमुक का नाही घेतलीत?’ या वळणावर जातं. मला बोलायचंय ते आधी दाराबद्दल.

चार दारांची, लांबलचक, बसकी, मागे स्वतंत्र डिकी असलेली लक्झरी सेडान, एवढी ओळख पुरे. आधीच्या गाडीचं दार आम्ही लावत नसू, आपटत असू. पत्र्याचा दणदणीत आवाज आल्याशिवाय ते लागलंय यावर घरात कुणाचा विश्वास बसत नसे, आणि तरीही डॅशबोर्डवरचा लाल दिवा पुष्कळदा जळतच राही. हिचं दार हळूच पुढे ढकलायचं आणि सोडून द्यायचं. शेवटचं बोटभर अंतर ते आपलं आपण कापतं. कुलुपातली छोटी मोटर खटका पकडते आणि दार आत ओढून घेते. आवाज होतो तो फक्त ‘थप्’. जाड, भरीव, आटोपशीर. गाडी बघायला आलेली मंडळी दार उघडतात, लावतात, एकमेकांकडे बघून मान डोलवतात. इंजिनाबद्दल कुणी विचारत नाही.

हा ‘थप्’ योगायोगाने आलेला नाही. दार लागण्याचा आवाज कसा असावा यावर मोटार कंपन्यांत माणसं पगार घेऊन काम करतात. पत्रा झणझणू नये म्हणून त्याला आतून जड, चिकट थर लावतात. खटक्याच्या धातूवर प्लास्टिक चढवतात. चौकटीला रबराच्या दोन-दोन, तीन-तीन कडा बसवतात. इतक्या कडेकोट गाडीचं शेवटचं दार लावताना आतली हवा कोंडते आणि दाराला उलटी ढकलते. तिला वाट हवी म्हणून मागच्या बंपरच्या आड रबरी पडद्यांच्या झडपा ठेवलेल्या असतात. त्या क्षणभर उघडतात आणि मिटतात. गंमत अशी, की दाराच्या मजबुतीशी या आवाजाचं नातं बेताचंच. बाजूने धडक बसली तर कामाला येतो तो दाराच्या पोटातला पोलादी दांडा, आणि तो काही बोलत नाही. बोलतं ते रबर. आपण ‘थप्’ ऐकतो आणि म्हणतो, काय भक्कम आहे! मला हे सगळं ठाऊक आहे, तरी गाडीजवळून जाताना एकदा उगाच दार उघडून लावायचा मोह आवरत नाही.

दार लागलं की बाहेरचं जग तिथेच थांबतं. बाहेर उभा असलेला माणूस काहीतरी म्हणतोय हे त्याच्या हलणाऱ्या ओठांवरून कळतं. खिडकीची काच एक नसून दोन पातळ काचा असतात आणि त्यांच्यामध्ये मऊ, पारदर्शक पापुद्रा. आवाजाची कंपनं त्यात जिरतात. मर्सिडीजने १९९१ साली आणलेल्या एस-क्लासच्या खिडक्यांनाही दुहेरी काचा होत्या, त्यांच्यामध्ये हवेची पोकळी. दारं ओढून घेणारी यंत्रणाही तिच्यात मिळायची. शिवाय गाडी मागे घेताना तिचं टोक कुठे आहे ते समजावं म्हणून मागच्या दोन्ही कोपऱ्यांतून बारीक चकचकीत दांड्या वर यायच्या. आता त्या कामाला कॅमेरे आहेत, आणि पडद्यावर आपली गाडी आपल्यालाच वरून दिसते. खरं सांगायचं तर ती दांडी मला जास्त आवडली असती.

आवाज मारण्याचे आणखीही प्रकार आहेत. टायरच्या आत फोमचा पट्टा चिकटवतात, म्हणजे टायरमधली हवा घुमत नाही. छतात लपवलेले मायक्रोफोन आतली घरघर ऐकत असतात आणि स्पीकरमधून तिच्या बरोब्बर उलटी लहर सोडतात. दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणजे शांतता हवी म्हणून आणखी आवाज करायचा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला थट्टा वाटली होती.

महागड्या गाडीची प्रतिष्ठा आवाजावर तोलण्याची ही रीत जुनी आहे. जाहिरातकार डेव्हिड ओगिल्वी यांनी १९५८ साली रोल्स-रॉइससाठी केलेली जाहिरात गाजली ती याच मुद्द्यावर: ताशी ६० मैलांच्या वेगात या गाडीत सगळ्यांत मोठा आवाज विजेवरच्या घड्याळाचा असतो. पुढचा किस्सा ओगिल्वी स्वतःच सांगत. कंपनीच्या एका ज्येष्ठ इंजिनिअरला ती ओळ दाखवली तेव्हा तो खिन्नपणे मान हलवत म्हणाला, त्या घड्याळाचं काहीतरी करायला हवं. माझ्या गाडीत त्याचीही सोय झालेली आहे. घड्याळ म्हणजे पडद्यावरचं चित्र. त्यातला काटा फिरतो, टिकटिकत नाही.

मग १९८९ मध्ये टोयोटाने लेक्सस नावाने एलएस ४०० आणली. तिच्या जाहिरातीत बॉनेटवर शॅम्पेनच्या ग्लासांचा मनोरा रचला होता. खाली गाडी रोलरवर ताशी १४५ मैलांपर्यंत, म्हणजे २३० किलोमीटरच्याही वर पळवली, आणि एकही ग्लास कलंडला नाही. ही जाहिरात मला आता नीट समजते. सिग्नलला उभं असताना शेजारून बायको विचारते, “अरे, गाडी चालू आहे ना?” मला तिच्याकडे न बघता आधी डॅशबोर्डकडे बघावं लागतं. पुष्कळदा ती खरंच बंद असते. थांबल्यावर इंजिन आपण होऊन झोपतं आणि ब्रेकवरचा पाय उचलला की उठतं. पण चालू असली तरी उत्तर पडद्यालाच विचारावं लागतं. जुन्या गाडीत हा प्रश्न पडणं शक्य नव्हतं. ती उभी असतानाही आरसा थरथरायचा आणि मागच्या गाडीला दोन-दोन दिवे दिसायचे.

खड्ड्यांचंही तेच. खड्डा दिसतो, मी अंग आवळून तयार होतो, आणि खड्डा मागे निघून गेलेला असतो. चाकांवर पोलादी स्प्रिंग नाहीत, हवेच्या रबरी पिशव्या आहेत. कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो, कमी करतो. दणका हवेवर झेलण्याची कल्पना नवी नाही. सित्रोएनच्या डीएसने १९५५ मध्ये तेल आणि वायू यांच्या जोरावर हे करून दाखवलं होतं, आणि फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल १९६२ च्या ऑगस्टमधल्या हल्ल्यातून निसटले ते टायर फुटलेल्या अशाच गाडीतून. पुढे २०१३ च्या एस-क्लासमध्ये समोरचा सुमारे १५ मीटर रस्ता कॅमेऱ्याने वाचून चाकांना आधीच सावध करणारी सोय आली. माझी गाडी इतकी दूरदर्शी नाही. तरीही खड्डा लागण्याआधी मीच दचकतो, ती नाही. गतिरोधकावर मात्र तिची ऐट उतरते. एवढं लांब अंग आणि पोट जमिनीला लागलेलं. एक बटण दाबून तिला थोडं उचलावं लागतं, आणि ती उचलली जाईपर्यंत मागचा हॉर्न वाजवत असतो. तो मात्र आत ऐकू येतो. दुहेरी काचेतूनही.

आठवडाभर चालवल्यावर माझ्या लक्षात यायला लागलं की ही गाडी संस्थानातल्या एखाद्या कसबी कारभाऱ्यासारखी आहे. मालकापर्यंत वाईट बातमी पोचू द्यायचीच नाही. रस्ता उखडलाय, वारा आडवा सुटलाय, इंजिनाला चढ जड जातोय, यातलं काहीही माझ्या कानावर येत नाही. सगळं कुशल आहे, महाराज. आणि महाराज खूश होऊन पाय जरा जास्त दाबतात.

कारण आपण वेग डोळ्यांनी मोजतो असं समजतो, पण निम्मा हिशोब कान आणि बूड करत असतात. आवाज कमी केला की चालकाला वेगही कमी वाटतो, हे प्रयोगांतही दिसलेलं आहे. माझ्या जुन्या गाडीत ऐंशीला स्टीअरिंग गुदगुल्या करायचं, नव्वदला डाव्या दारात कुठेतरी खुळखुळ सुरू व्हायची आणि शंभरला गाणं बंद करावं लागायचं, कारण ते ऐकूच यायचं नाही. काट्याकडे बघायची गरज नव्हती. इथे मला आरामात साठने चाललोय असं वाटतं आणि आकडा शंभर दाखवत असतो. साठ आणि शंभर यांत अंतर चाळीसचं दिसतं, पण ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंत लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. दोन टनांच्या आसपासचं वजन आणि महाराज सुखात. भौतिकशास्त्राला शाही इतमाम कळत नाही.

हे गाडी बनवणाऱ्यांनाही कळत असणार, कारण एका हाताने काढून घेतलेल्या बातम्या ते दुसऱ्या हाताने परत देतात, फक्त सभ्य भाषेत. वेगाचा आकडा समोरच्या काचेवर तरंगताना दिसतो. रस्त्यावरचा पांढरा पट्टा ओलांडला की स्टीअरिंग हातात थरथरतं. तीच थरथर, जी जुन्या गाडीत फुकट होती. माझं स्टीअरिंग सांभाळणं जरा ढिलं पडलं की पडद्यावर वाफाळणारा कप उगवतो: विश्रांती घ्या. कपाच्या चित्राचा मला राग येतो, पण बहुतेक वेळा तो बरोबर असतो, आणि त्याचा जास्त राग येतो.

सर्वांत मजा इंजिनाच्या आवाजाची. बीएमडब्ल्यूने २०११ च्या सुमारास आणलेल्या एम५ मध्ये केबिन इतकी शांत झाली होती की इंजिनाचा आवाज स्पीकरमधून आत ऐकवायची व्यवस्था करावी लागली. माझ्या गाडीतही ‘स्पोर्ट’ बटण दाबलं की आतल्या आत एक गुरगुर वाढते. बाहेर उभ्या असलेल्याला तिचा पत्ताही नसतो. विजेच्या गाड्यांची तर वेगळीच तऱ्हा. युरोपात २०१९ पासून अशा नव्या मॉडेलना ताशी २० किलोमीटरपर्यंत मुद्दाम आवाज करावा लागतो, नाहीतर पायी चालणाऱ्याला, विशेषतः ज्याला दिसत नाही त्याला, गाडी आल्याचं कळणार कसं? शंभर वर्षं खपून गाडीला गप्प केलं, आणि आता तिनं बोलावं म्हणून कायदा.

एक गोष्ट मात्र कारभाऱ्याच्या हातून निसटली आहे: वास. नव्या गाडीचा तो प्रसिद्ध वास म्हणजे डिंक, फोम, प्लास्टिक आणि चामड्यावरच्या रसायनांतून हवेत उडणारी संयुगं. उन्हात उभी केली की जास्त येतो. काहींना तो इतका आवडतो की त्याची अत्तरं विकली जातात. चीनमधल्या ग्राहकांना तो इतका नको असतो की तो घालवण्याच्या पद्धतीसाठी फोर्डने पेटंटचा अर्ज केला होता: गाडी उन्हात नेऊन ठेवायची, तापवायची आणि खिडक्या उघडायच्या. मी पहिल्या गटातला. बायको दुसऱ्या. त्यामुळे खिडक्यांवरून आमचं एकमत होत नाही. मसाज करणारी सीट, चौसष्ट रंगांचे दिवे, बोललं की ऐकणारी आणि बहुतेक वेळा चुकीचं ऐकणारी बाई, यांवर मात्र आमचं एकमत आहे. ते सगळं नसतं तरी चाललं असतं.

आणि या गाडीतली सर्वांत चांगली जागा माझी नाहीच. ती मागे आहे, चालकाच्या तिरक्या कोनात. तिथे पाय पसरता येतात, पाठ मागे कलते, उन्हाचा पडदा बटणावर वर येतो. लांब सेडान बनवणाऱ्यांच्या मनात मालक म्हणजे मागे बसणारा माणूस असतो. पुढे बसतो तो चालक. त्या हिशोबाने आमच्या घरात गाडीचे मालक आबा आहेत. ते बसतात, दार ‘थप्’ होतं, आणि पहिल्या वळणाच्या आत त्यांना झोप लागते.

परवा हमरस्त्यावर मला रस्ता ऐकायची हुक्की आली, म्हणून मागची एक काच थोडी खाली केली. लगेच कानात धडधड सुरू झाली. त्यालाही कारण आहे: एकच खिडकी उघडी असली की तिच्या कडेवरून जाणारा वारा आतल्या हवेला ठराविक लयीत दाबतो आणि सोडतो, बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर घडतं तेच, आणि गाडी जितकी घट्ट बंद तितकी ती धडधड जोरात. दुसरी काच उघडली की थांबते. मी पुढची उघडली. धडधड गेली आणि तिच्या जागी टायरांची सरसर, शेजारच्या ट्रकची घरघर, वारा, सगळं एकदम आत आलं. काचेवरचा शंभरचा आकडा पहिल्यांदाच शंभरसारखा वाटला.

आबा जागे झाले. “एवढी भारी गाडी, आणि हा कसला आवाज रे?”

“गाडीचा नाही आबा, रस्त्याचा आहे.”

“मग त्याला बाहेरच राहू दे,” म्हणाले, आणि काचेचं बटण त्यांनीच वर ओढलं.