बसका डबा आणि काडीकिड्याची कात

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, कोपऱ्यातल्या पेरूखाली पडलेली एक वाळकी काडी मी कचरा म्हणून उचलली आणि ती हातावर चालायला लागली. वर नेल्यावर आई म्हणाली, "आधी ते बाहेर टाक, मग हात धू." मी फक्त हात धुतले.

सांगायला हवं की काडीकिड्यांचं वेड मला आधीच लागलं होतं, पण ते भलत्याच काडीकिड्याचं. बोर्निओच्या जंगलात डारेस नावाची एक प्रजाती आहे. 1875 साली कार्ल स्टॉल या स्वीडिश कीटकतज्ज्ञानं तिला हे नाव दिलं. हे किडे काडीसारखे लांबलचक नसतात. बुटके, काटेरी, बिनपंखांचे, जेमतेम चार-पाच सेंटीमीटरचे. दिवसभर सालीच्या फटीत नाहीतर पाचोळ्यात पडून राहायचं आणि रात्री चरायला निघायचं. झाडावरून पडलेलं ढलपं वाटावं असं ध्यान! परदेशातून जिवंत पानखाऊ किडे आणायला सरकारी परवानगी लागते, त्यामुळे तो नाद फोटोंवरच थांबला होता. आता दारात आलेला देशी पाहुणा हातात होता आणि डोक्यात मात्र डारेसच.

ती मादी होती. पेरूची पानं खायची आणि रोज दोन-तीन अंडी टाकायची. अंडी कुठे चिकटवत नाही, वरून नुसती सोडते. रात्री जाळीच्या टोपलीखालच्या कागदावर टप् असा आवाज यायचा. अंडं म्हणजे हुबेहूब एखादं बी. एका टोकाला गोल झाकण, पिल्लू तेच ढकलून बाहेर येतं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ती मेली. नर काही दिसला नव्हता, पण मी धीर सोडला नाही. तमिळनाडूतली करॉशियस मोरोसस ही जात युरोपातल्या शाळा-प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं नराशिवायच वाढतेय. आमची मादी कुठल्या जातीची, हे फोटोवरून कोणी सांगू शकलं नाही.

अंडी श्रीखंडाच्या डब्यात, ओलसर वाळूवर ठेवली. पुण्याची थंडी कोरडी, म्हणून दिवसाआड फवारा. एकदा जास्त पाणी झालं आणि पांढरी बुरशी धरली. आठ-दहा अंडी गेली. बाकी काही करायचं नसतं, नुसती वाट पाहायची. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डब्याच्या झाकणाला आतून सेंटीमीटरभराचा दोरा लटकलेला दिसला. त्याच्या एका पायात अजून अंड्याचं टरफल अडकलेलं होतं.

इथेच मी माती खाल्ली. डारेस जमिनीवर राहतो, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं, की पिल्लांना मी मिठाईचा रुंद, बसका डबा दिला. तळाशी माती, वर पाचोळा, पेरूची पानं आडवी पसरलेली. मला ते फार सुंदर दिसत होतं. सुरुवातीला निभावलंसुद्धा. पेरूच्या पानाची कड कोवळ्या तोंडाला चावत नाही, म्हणून ती कात्रीनं कापून द्यायची, एवढं एक बरोबर केलं. पण तिसऱ्या कातीला सकाळी पाहतो तर चार पिल्लं जुन्या कातडीत अर्धी अडकून मेलेली, एकाची पाठ वाकडी झालेली.

काडीकिडा कात टाकताना डोकं खाली करून लटकतो. छातीवरची कातडी उकलते आणि तो स्वतःच्या वजनानं खाली सरकत बाहेर येतो. पायसुद्धा मोज्यातून काढावेत तसे ओढून काढतो. त्याला खाली मोकळी जागा हवी, अंगाच्या तिप्पट धरा. माझ्या डब्याची उंची पाच सेंटीमीटर! आणि जमिनीवरचा म्हणून ज्याचं कौतुक करत होतो तो डारेससुद्धा कात टाकायला सालीच्या तुकड्यावर चढून लटकतोच. हे मी वाचलेलं होतं, चक्क वाचून सोडून दिलं होतं.

त्याच संध्याकाळी बोहरी आळीतून बारीक जाळी आणली आणि कपड्यांच्या जुन्या टोपलीला चारी बाजूंनी लावली. उंची दोन फूट. पेरूच्या फांद्या पाण्याच्या बाटलीत उभ्या केल्या. बाटलीच्या तोंडाला कापूस, नाहीतर पिल्लं आत बुडतात. नर्सरीतून आणलेल्या गुलाबाची पानं मात्र देऊ नका, फवारलेली असतात. माझी दोन त्यानं गेली. घाईघाईत एकाला पायाला धरून उचललं, तर पाय माझ्या चिमटीत आणि किडा खाली. पुढच्या कातीला तिथे आखूड, वेटोळं घातलेला पाय आला, त्याच्या पुढच्या कातीला तो जवळपास सरळ झाला. तेव्हापासून उचलायला चित्रकलेचा ब्रश वापरतो.

कात टाकल्यावर ती कातडी स्वतःच खाऊन टाकतात, त्यामुळे रात्री कोणी कात टाकली हे सकाळी लांबीवरूनच ओळखायचं. आईनं त्यासाठी टोपलीशेजारी पट्टी बांधून ठेवली.

जूनमध्ये पाऊस लागल्यावर सहा मोठे झालेले किडे त्याच पेरूवर सोडले. सोडल्यावर दहा मिनिटांत सहापैकी एकही मला सापडेना. श्रीखंडाच्या डब्यात अजून न फुटलेली अंडी आहेत, आणि डब्यावर आईच्या अक्षरात चिठ्ठी आहे : 'खायचं नाही.'