माझा अनुभव : एम-११३ आतून शिकताना

एम-११३ या जवान वाहून नेणाऱ्या चिलखती गाडीच्या देखभालीचं प्रशिक्षण सुरू झालं तेव्हा मी पुस्तिकेच्या क्रमाने अभ्यास करत होतो. इंजिनाचं एक प्रकरण, सस्पेन्शनचं दुसरं, ट्रॅकचं, म्हणजे चाकांभोवतीच्या साखळीपट्ट्याचं, तिसरं. पाठ होत होतं, पण हे सगळं मिळून इतकी जड चिलखती गाडी कशी चालवतात ते काही डोक्यात बसत नव्हतं. मग प्रशिक्षकांनी पुढची झाकणं उघडली आणि म्हणाले, "इंजिनातून निघालेली ताकद बोट ठेवत ठेवत ट्रॅकपर्यंत न्या." माझं खरं शिक्षण तिथून सुरू झालं.

इंजिन पुढे उजवीकडे आणि ड्रायव्हर त्याच्या डावीकडे. मागचा सगळा भाग ११ जवानांसाठी मोकळा राहावा आणि रॅम्प (मागचं खाली पडणारं दार) पडला की त्यांना सरळ बाहेर पडता यावं, म्हणून ही मांडणी. १९६० च्या पहिल्या गाड्यांना पेट्रोल इंजिन होतं. १९६४ मध्ये आलेल्या ए-१ या पुढच्या आवृत्तीला डेट्रॉइट डिझेलचं सहा सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन मिळालं, सुमारे २१५ अश्वशक्तीचं. हे इंजिन स्वतःहून हवा ओढत नाही, ब्लोअर ती आत ढकलतो. त्यामुळे एअर फिल्टर तुंबला की आधी ताकद कमी होते आणि मागोमाग काळा धूर दिसतो. इंजिनाची ताकद ट्रान्समिशनमधून, तिथून शाफ्टने नाकात आडव्या बसवलेल्या डिफरन्शियलमध्ये (दोन्ही ट्रॅकना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीत), मग दोन्ही टोकांच्या फायनल ड्राइव्हमधून, म्हणजे शेवटच्या गिअरमधून, पुढच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकावर, जाते. मागचं आयडलर हे चाक फक्त ट्रॅक वळवतं, ओढत नाही.

मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो डिफरन्शियल समजायला. या गाडीला स्टिअरिंग व्हील नाही, दोन लॅटरल, म्हणजे वळवण्याचे दांडे, आहेत. माझी समजूत अशी की डावा लॅटरल ओढला की डावा ट्रॅक थांबतो आणि गाडी त्याच्याभोवती फिरते. प्रत्यक्षात तसं होत नाही. लॅटरल ओढला की डिफरन्शियलच्या आतल्या ड्रमवर बँड, म्हणजे ब्रेकचा पट्टा, आवळतो. त्या बाजूचा ट्रॅक मंदावतो, पण थांबत नाही, आणि तिथे कमी झालेला वेग गिअरमधून दुसऱ्या बाजूला मिळतो. दोन्ही ट्रॅकना ताकद मिळत राहते, म्हणून वळतानाही गाडी जोर सोडत नाही. हे बँड तेलात चालतात. लॅटरल उगाच ओढून धरला की ते तेल तापतं. दोन्ही लॅटरल एकदम ओढले की तोच ब्रेक. वळणं आणि थांबणं एकाच यंत्रणेतून होतं हे कळल्यावर मला या रचनेबद्दल मनापासून आदर वाटला.

सस्पेन्शन त्या मानाने लवकर समजलं. प्रत्येक बाजूला पाच रोड व्हील, म्हणजे ट्रॅकवर गाडीचा भार पेलणारी चाकं. चाकाचा हात एका पोलादी दांड्याला जोडलेला, आणि दांडा गाडीच्या तळातून आडवा जाऊन समोरच्या बाजूला घट्ट बसवलेला. चाक खड्ड्यातून वर उचललं गेलं की दांडा ओल्या फडक्यासारखा पिळला जातो आणि लगेच पूर्ववत होतो. डावीकडचे आणि उजवीकडचे दांडे एकाच जागेतून जाऊ शकत नाहीत, ते शेजारी शेजारी बसवावे लागतात. म्हणून दोन्ही बाजूंची चाकं अगदी समोरासमोर येत नाहीत, आणि डाव्या ट्रॅकला ६३ शू (ट्रॅकचे एकमेकांना जोडलेले तुकडे) तर उजव्याला ६४ लागतात. पुस्तिकेत हा आकडा नुसता छापलेला होता. तळाशी आडवं पडून ते दांडे पाहिल्यावर त्याचं कारण डोळ्यांना दिसलं.

ट्रॅकचा ताण तपासणं हे रोजचं काम. गाडी सपाट जमिनीवर हळू सोडायची आणि ब्रेक न लावता आपोआप थांबू द्यायची. ब्रेक लावला तर ताण भलत्याच भागात जमतो आणि मोजमाप फसवं येतं. मग मधल्या चाकाच्या माथ्यापाशी ट्रॅक किती झुकलाय ते बघायचं. सैल असेल तर अ‍ॅडजस्टरच्या निपलला ग्रीस गन लावायची. ग्रीस भरत गेलं की सिलिंडर लांबतो, आयडलर मागे सरकतं, ट्रॅक आवळतो. घट्ट असेल तर थोडं ग्रीस सोडायचं. शूच्या जोडांतले रबरी बुश झिजून ट्रॅक लांबतो. अ‍ॅडजस्टर पुरेनासा झाला की एक शू काढावा लागतो.

पाण्यात उतरण्याची तयारी आम्ही कोरड्या जमिनीवरच केली. तळाचे ड्रेन प्लग बसवायचे, आत शिरलेलं पाणी उपसणारे बिल्ज पंप चालवून बघायचे, पुढची ट्रिम व्हेन, म्हणजे पाणी अडवणारी फळी, उभी करायची. पाण्यातही गाडीला ट्रॅकच ढकलतात, त्यामुळे वेग ताशी सहा किलोमीटरच्या आतच.

शेवटच्या तोंडी परीक्षेत प्रश्न आला : गाडी सरळ चालवताना एका बाजूला ओढते, सुरुवात कुठून कराल? मी ताकदीची वाट उलटी चाललो. आधी दोन्ही ट्रॅकचा ताण सारखा आहे का, मग लॅटरलची चाल, आणि सगळ्यात शेवटी डिफरन्शियलचे बँड. हा क्रम का, असं विचारल्यावर मी सांगितलं की ताण बाहेरून काही मिनिटांत तपासता येतो आणि बँडसाठी झाकणं उघडावी लागतात. परीक्षकांनी उत्तरावर काही न बोलता ग्रीस गन माझ्या हातात दिली आणि बाहेर उभ्या गाडीकडे बोट दाखवलं. तिचा उजवा ट्रॅक सैल होता.