आदेशाची प्रत मागणारा खरेदीदार

रावेर-सावदा भागातल्या केळी निर्यातदारांची इंग्रजी पत्रं मी तपासून देतो. मे महिन्यात एका पॅकहाऊसमधून, म्हणजे केळी धुऊन खोक्यांत भरतात तिथून, सकाळीच फोन आला. आखातातला खरेदीदार सरकारी आदेशाची प्रत मागत होता.

"सर, असा आदेश निघालाच नाही! याला सांगितलं कोणी?"

त्यांनी खरेदीदाराला पाठवलेल्या पत्रानेच सांगितलं होतं. तिसऱ्या ओळीत ‘देअर इज रिस्ट्रिक्शन ऑफ कंटेनर्स’. खरी गोष्ट एवढीच, की रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारे, कंटेनर वेळेवर मिळत नव्हते. आपण मराठीत ‘कंटेनरची अडचण आहे’ म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत रिस्ट्रिक्शन म्हटलं की ते घालणारा कुणीतरी असतो: सरकार, बंदर, पोलीस. खरेदीदाराचं काहीच चुकलं नाही.

हुकूम कुणाचा नाही, पण परिस्थितीने हात बांधलेत, तिथे कन्स्ट्रेंट. वाक्य असं केलं: ‘कंटेनर अव्हेलेबिलिटी इज अ मेजर कन्स्ट्रेंट ऑन अवर शिपमेंट्स धिस वीक.’ ज्याच्यामुळे अडलं ते आधी, जे अडलं ते ‘ऑन’च्या पुढे. इथे ‘ऑफ’ घातला की अर्थ उलटतो. मोजता येणारं नाम आहे, म्हणून एकवचनात ‘अ’ लागतो. ‘ड्यू टू’नंतर मात्र बहुधा अनेकवचन, ‘ड्यू टू टाइम कन्स्ट्रेंट्स’. ‘अंडर कन्स्ट्रेंट’ म्हणजे जबरदस्तीखाली. व्यापारी पत्रात ते नकोच.

पुढे ‘टेंपरेचर कन्स्ट्रेंट 13 डिग्री’ असंही होतं. तिथे लिमिट हवं, तेही ‘लोअर लिमिट’. त्याखाली कच्च्या केळीला थंडी बाधते, साल काळपट पडते आणि माल नीट पिकत नाही. हा आकडा आहे, अडचण नव्हे. प्रीकूलिंगची, म्हणजे माल भरण्याआधी थंड करायची, खोली लहान, ही आपल्याच सोयीतली उणीव, म्हणून लिमिटेशन.

सगळ्यात घातक ओळ शेवटी होती: ‘रिस्ट्रेंट ऑफ लेबर’. कन्स्ट्रेंटसारखंच दिसतं, पण रिस्ट्रेंट म्हणजे संयम, नाहीतर धरून-बांधून ठेवणं. वाचणाऱ्याला वाटेल, मजूर डांबून ठेवलेत! तिथे सरळ ‘लेबर शॉर्टेज’ लिहिलं.

कन्स्ट्रेंट लिहिलं की तो कधी सुटणार हेही त्याच परिच्छेदात द्यावं लागतं, नाहीतर रडगाणं वाटतं. शिवाय मेच्या उन्हात पाऊण भरलेला घड झाडावर फार दिवस ठेवता येत नाही. म्हणून पॅकहाऊसवाल्यांकडून कंटेनरची नवी तारीख घेतली, पत्रात घातली आणि दुपारच्या आत पाठवायला सांगितलं.