कुठे वाचता, कुणाचं ऐकता?

"तुम्ही हे सगळं वाचता कुठे, आणि खरं-खोटं ओळखता कसं?" मला आतड्याचा जुनाट आजार आहे हे कळलं की हा प्रश्न येतो, तोही हळू आवाजात. बहुतेकदा विचारणाऱ्याच्या घरात कुणाचं तरी नुकतंच निदान झालेलं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पण सुरुवात माझ्या गाढवपणापासून करावी लागेल.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. यात मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते, जखमा होतात. निदानानंतर दुसऱ्या वर्षी मी छान होते. रक्त नाही, कळा नाहीत. त्याच सुमारास एका बाईंचा अनुभव वाचनात आला: गोळ्या सोडल्या, कसल्याशा वनस्पतीचा रस सुरू केला, तीन महिन्यांत ठणठणीत. बाई खोटं बोलत नव्हत्या, असं मला आजही वाटतं. मीही डॉक्टरांना न विचारता मेसालामाइन, म्हणजे आतड्याची सूज आवरणारं माझं औषध, बंद केलं. गंमत म्हणजे पहिले दोन महिने खरंच काही झालं नाही. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मीही तस्साच अनुभव लिहून मोकळी झाले असते. तिसऱ्या महिन्यात एका पहाटे कमोडमधलं पाणी लाल दिसलं. मग दिवसातून दहा-बारा वेळा धावाधाव.

हा आजार कधी उफाळतो, कधी आपणहून निवतोही. माणूस अगदी बेजार झाला की काहीतरी नवं सुरू करतो, आणि नंतर बरं वाटलं की श्रेय त्या नव्याला जातं. औषधांच्या चाचण्यांत एका गटाला बिनऔषधाची गोळी देतात ती यासाठीच. त्या गटातलेही काही जण सुधारतात. म्हणून ‘मला गुण आला’ हे वाक्य मी हल्ली आपुलकीने वाचते, पण पुरावा म्हणून धरत नाही. कॉलोनोस्कोपीच्या (दुर्बिणीने मोठं आतडं तपासण्याच्या) आदल्या दिवशीचं, पोट साफ करणारं ते भयंकर पाणी घशाखाली कसं उतरवायचं, हे मात्र रुग्णांनाच विचारावं. (गार करून, स्ट्रॉने.)

आधी बघायचं ते हे, की मजकूर नक्की कोणत्या आजाराबद्दल आहे. आयबीएस म्हणजे आतड्याच्या कामातला बिघाड, आयबीडी म्हणजे आतड्याचा जुनाट दाह, माझा आजार त्यातलाच. नावात फरक एका अक्षराचा. आयबीएसचा त्रास खराच असतो, पण आतड्यात जखमा नसतात, आयबीडीत असतात. माझ्या आजाराच्या नावात ‘अल्सर’ ऐकून जठराच्या अल्सरचे सल्ले देणारे तर किती भेटले! आयबीडीतलाच दुसरा आजार क्रोन्स, त्याचं गणित निराळं. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो. त्यात आतडं अरुंद झालं असेल, तर ‘भरपूर तंतुमय खा’ हा एरवी चांगला सल्ला आतडं तुंबवू शकतो. सिगारेटने क्रोन्स बळावतो. कोलायटिसमध्ये मात्र ती सोडल्यावर काहींचा आजार उफाळतो. (म्हणून कुणी ओढायला लागू नका, फुप्फुसांना कोलायटिसशी काही देणंघेणं नाही.)

मग तारीख. क्रोन्ससाठीचं पहिलं बायोलॉजिक (सजीव पेशींत बनवलेलं) औषध, इन्फ्लिक्सिमॅब, अमेरिकेत १९९८ मध्ये मान्य झालं. त्याआधीचा लेख प्रामाणिक असला तरी नुसता घाबरवून सोडतो.

ठिकाणं विचाराल तर दोन. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं मेडलाइनप्लस हे संकेतस्थळ, आणि कोक्रेन या संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे सोप्या भाषेतले सारांश. कोक्रेनवाले एकाच प्रश्नावरच्या अनेक चाचण्या एकत्र तपासतात, आणि पुरावा तोकडा असेल तर तसं सरळ लिहितात. तसं लिहिणाऱ्यावर माझा जास्त भरवसा बसतो.

पण सगळ्यात उपयोगी पडलेला कागद यांपैकी कुठलाच नाही. गोळ्या सोडल्याचं कबूल केलं त्या दिवशी डॉक्टरांनी रागावण्याऐवजी रिपोर्टच्या पाठीवर पेनाने मोठं आतडं काढलं, उलट्या ‘यू’सारखं, आणि डावीकडचा शेवटचा भाग रेघा मारून भरला. "तुमचा आजार इथपासून खाली," म्हणाल्या. पोटात घ्यायच्या औषधाबरोबर एनिमा का, हे मला तेव्हा कळलं: खालून दिलेलं औषध थेट त्या रेघांपर्यंत पोचतं.

परवा एका स्नेह्याने लहान आतड्याच्या शुद्धीचा चौदा दिवसांचा कार्यक्रम पाठवला. मी डॉक्टरांचा तो कागद उलगडून बघितला. लहान आतडं त्यात काढलेलंच नाही. आभार मानले आणि एनिमा घ्यायला गेले.