बेल्ट ओरडतोय? आधी पुली फिरवून बघा

नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) लागला की नागपुरात एसी सुरू करताच बॉनेटखालून 'चीं' करणाऱ्या गाड्या दर सिग्नलला भेटतात. हा आवाज इंजिनच्या जोरावर डायनामो, एसी फिरवणाऱ्या रबरी बेल्टचा. तो बदलायचं काम त्याआधीच उरकावं, तेही सकाळी, इंजिन थंड असताना.

आवाज आला म्हणजे बेल्टच गेला असं नसतं. इंजिन चालू ठेवा, हात आणि ओढणी-दुपट्टा लांब ठेवा, आणि बेल्टच्या आतल्या बाजूवर थोडं पाणी फवारा. आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय. क्षणभर थांबून परत आला तर पुल्या (बेल्ट ज्यांवर फिरतो ती चाकं) एका रेषेत नाहीत, मग नवा बेल्टही ओरडणारच.

बेल्टच्या पाठीवर '4 पीके 855' असं काही छापलेलं असतं: 4 धारा, 855 मिलिमीटर लांबी. छाप पुसला असेल तर दुकानात मॉडेल, साल आणि इंजिन सांगा. जुना बेल्ट दोरीने मोजू नका, तो ताणलेला असतो.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, बेल्टच्या मार्गाचा फोटो घ्या. साधारण 12 आणि 14 चा पाना पुरतो. डायनामोचा (बॅटरी चार्ज करणारा भाग) खालचा मुख्य बोल्ट आधी ढिला करा, मग लॉक बोल्ट, शेवटी अ‍ॅडजस्टर, म्हणजे बेल्टचा ताण कमी-जास्त करणारा बोल्ट. खालचा बोल्ट विसरून अ‍ॅडजस्टरवर जोर लावला की त्याचे आटे जातात, आणि बहुतेक घरगुती काम इथेच फसतं. दोन बेल्ट असतील आणि आतला बदलायचा असेल, तर बाहेरचा काढावाच लागतो. दोन्ही एकदमच बदला.

बेल्ट निघाला की प्रत्येक पुली हाताने फिरवा. खरखर लागली तर बेअरिंग गेलंय. खाचांत तेल किंवा कूलंट दिसलं तर आधी गळती बंद करा.

नवा बेल्ट चढवल्यावर पुलीमागे बोट फिरवून बघा. एक धार जरी खाचेबाहेर राहिली तरी बेल्ट फाटतो. सगळ्यात लांब भागाच्या मधोमध अंगठ्याने सुमारे 10 किलोचा दाब द्या. 8 ते 10 मिलिमीटर दबला म्हणजे बऱ्याच गाड्यांत ठीक, तरी मॅन्युअलमधला आकडा खरा. 'घट्ट तेवढं चांगलं' म्हणून ताणलात तर डायनामोचं बेअरिंग जातं.

लॉक बोल्ट कसताना ताण बदलतो, म्हणून कसल्यावर परत दाबून बघा. बॅटरीची तार परत जोडा, 10 मिनिटं इंजिन चालवून, थंड करून पुन्हा. 200-300 किलोमीटरनंतर आणखी एकदा.

आपोआप ताण देणारा टेन्शनर असेल तर ही मापामापी नको. टायमिंग बेल्टला (इंजिनच्या झाकणाआडचा, व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा वेगळा बेल्ट) मात्र घरी हात लावू नका.

शेवटी इंजिन चालू ठेवून हेडलाइट, एसी, ब्लोअर लावा आणि बॅटरीवर मीटर धरा: 13.5 ते 14.5 व्होल्ट हवेत. जुना बेल्ट धड असेल तर दोन पान्यांसकट डिक्कीत टाका.